चोवीस तासांच्या मोटार-शर्यतींतील वर्ग आणि त्यांचें भवितव्य

फ्रान्समधील ले मान्स या शहरीं मोटारींची चोवीस तासांची शर्यत १९२३ सालीं सुरू झाली. तिच्या मार्गाची एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून थोडी अधिक भरते, आणि त्या फेरीचा बराच भाग वर्षाच्या इतर दिवसांत सामान्य रहदारीचा रस्ता असतो. शनिवारीं दुपारीं सुटलेल्या गाड्या रविवारीं दुपारपर्यंत धांवतात. आज एका गाडीस तीन चालक असतात. ते पाळीपाळीनें गाडी हांकतात, आणि त्यांपैकीं कोणीही एकंदर १४ तासांहून अधिक काळ गाडी चालवूं नये असा निर्बंध आहे. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत अधिक अंतर काटील ती जिंकली, अशी ही वरवर पाहतां अगदीं सरळ कसोटी आहे.

परंतु या एका शर्यतीच्या पोटांत अनेक शर्यती चाललेल्या असतात. २०२५ सालीं ६२ गाड्या मैदानांत उतरल्या. त्यांपैकीं २१ गाड्या हायपरकार या सर्वोच्च वर्गांतल्या, १७ गाड्या एल. एम. पी. टू या मधल्या वर्गांतल्या आणि २४ गाड्या जी. टी. थ्री या वर्गांतल्या होत्या. पहिल्या दोन वर्गांतील बहुतेक गाड्या केवळ शर्यतीसाठींच जन्मास आलेल्या असतात. जी. टी. वर्गांतील गाडी मात्र दुकानांत विकत मिळणाऱ्या मोटारीपासून सिद्ध केलेली असते. ‘ग्रान टुरिस्मो’ म्हणजे ‘मोठा प्रवास’ या इटालियन शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. प्रत्येक वर्गाचा विजेता निराळा आणि प्रत्येक वर्गाचें मानचिन्ह निराळें; रस्ता व घड्याळ मात्र सर्वांस एकच.

हायपरकार एका फेरीस साधारण साडेतीन मिनिटें घेते, आणि जी. टी. गाडीस तिच्याहून सुमारें अर्धा मिनिट अधिक लागतो. याचा हिशेब केला तर असें दिसतें कीं, वेगवान गाडी प्रत्येक जी. टी. गाडीस दर अर्ध्या तासास एकदां ओलांडून जाते. रात्रीच्या अंधारांत, पावसांत आणि अर्धवट झोपेंत हा व्यवहार शेंकडों वेळां घडतो. त्याचें मोल केवढें असूं शकतें हें २०११ सालीं दिसलें. त्या वर्षीं ऑडी कारखान्याच्या तीन गाड्यांपैकीं दोन गाड्या मंद वर्गांतील फेरारी गाड्यांना ओलांडतांना झालेल्या अपघातांत चक्काचूर झाल्या. चालक बचावले हें नशीब. उरलेल्या एकट्या ऑडीनें प्यूजो गाडीस १४ सेकंदांहूनही कमी अंतरानें मागें टाकून शर्यत जिंकली.

असें असतां मंद गाड्या वेगवान गाड्यांच्या वाटेंत ठेवाव्यातच कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें पहिलें उत्तर व्यवहाराचें आहे. सर्वोच्च वर्गाची गाडी बांधणें व ती चालविणें हें मोठ्या कारखान्यांचें काम. तेवढ्यांवर शर्यतीचें मैदान दरवर्षीं भरेल अशी शाश्वति कोणीच देऊं शकत नाहीं. कारखाने संचालक-मंडळाच्या एका ठरावानें येतात आणि दुसऱ्या ठरावानें जातात. दुसरें उत्तर या खेळाच्या स्वभावांतलें आहे. ही शर्यत आरंभीं नित्याच्या वापरांतील मोटारींचा टिकाऊपणा पारखण्यासाठीं निघाली, आणि स्वतःची गाडी घेऊन येणारा हौशी मनुष्य तिच्यांत पहिल्यापासून होता. जी. टी. वर्ग हा त्या दोन्ही परंपरांचा आजचा वारस आहे. म्हणूनच या वर्गाचें पुढें काय होणार हा प्रश्न त्या वर्गापुरता राहत नाहीं; शर्यतीस तिच्या मूळ हेतूचें स्मरण राहील कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे.

भविष्याविषयीं बोलण्यापूर्वीं गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहणें इष्ट होईल. कारण या काळांत जी. टी. शर्यतींचा सर्वोच्च वर्ग दोनदां भरभराटीस आला आणि दोन्ही वेळां त्या भरभराटीनेंच तो बुडाला.

पहिली कथा जी. टी. वन वर्गाची. १९९३ च्या सुमारास ‘ग्रुप सी’ नांवाची जुनी व्यवस्था खर्चाच्या ओझ्याखालीं संपुष्टांत आली. तेव्हां युर्गन बार्थ, पात्रिक पीटर आणि स्तेफान रातेल या तिघांनीं १९९४ सालीं जी. टी. गाड्यांची एक मालिका सुरू केली. रस्त्यावर चालणाऱ्या उंची गाड्या विकत घ्याव्या, त्यांत आवश्यक ते फेरफार करावे आणि शर्यतींत उतरावें, असा तो साधा बेत होता. १९९५ सालीं मॅक्लारेन एफ-वन या गाडीच्या शर्यती रूपानें ले मान्स येथें सर्व वर्गांत पहिला क्रमांक मिळविला. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनीं ती मूळ रस्त्यासाठीं कल्पिली होती. हौशी गाडीमालकांना तो सुवर्णकाळ वाटला असल्यास नवल नाहीं.

परंतु पुढच्याच वर्षीं पोर्शे कारखान्यानें सारा क्रम उलटा केला. त्यानें आधीं शर्यतीची गाडी बांधली आणि नियमाची पूर्तता व्हावी म्हणून तिच्या रस्त्यावर चालूं शकतील अशा मोजक्या प्रती काढल्या. १९९७ सालीं ही मालिका आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाच्या छत्राखालीं आली आणि मर्सिडीझनेंही तीच वाट धरली. १९९८ च्या हंगामांतील दहाच्या दहा शर्यती मर्सिडीझनें जिंकल्या. नियमांचा भंग कोणीही केला नव्हता. नियमांचा हेतु मात्र शिल्लक उरला नव्हता. ज्याच्यापाशीं गाडी विकत घेण्याचीच ऐपत होती, तो गाडी निर्माण करणाऱ्यापुढें टिकणार कसा? १९९९ सालीं हा वर्ग त्या मालिकेंतून नाहींसा झाला, आणि पूर्वीं दुय्यम मानल्या गेलेल्या जी. टी. टू वर्गाच्या गाड्यांवर मालिकेस आपला निर्वाह करावा लागला.

दुसरी कथा पुढच्या काळांतील जी. टी. टू नांवाच्या वर्गाची. २०११ पासून तो जी. टी. ई. या नांवानें ओळखला जाऊं लागला आणि ले मान्स येथें त्याचे दोन भाग पडले. गाड्या एकाच जातीच्या. परंतु एका भागांत कारखान्यांचे व्यावसायिक चालक आणि दुसऱ्यांत हौशी मंडळी. २०१६ सालीं फोर्ड कारखान्यानें आपल्या १९६६ च्या प्रसिद्ध विजयास पन्नास वर्षें झाल्याचा मुहूर्त साधून नवी फोर्ड जी. टी. मैदानांत आणली व व्यावसायिक भागांत विजय मिळविला. २०१८ सालीं ले मान्सला या एका भागांत पोर्शे, फेरारी, फोर्ड, ॲस्टन मार्टिन, बी. एम. डब्ल्यू. आणि कॉर्व्हेट असे सहा कारखाने परस्परांशीं झुंजत होते. या वर्गास आतां मरण नाहीं असें अनेकांस वाटलें.

अवघ्या तीन वर्षांत चित्र पालटलें. २०१९ मध्यें फोर्ड व बी. एम. डब्ल्यू. यांनीं जागतिक मालिकेंतून आपला डेरा हलविला, पुढें ॲस्टन मार्टिनही या भागांतून निघून गेली, आणि २०२१ च्या जागतिक हंगामांत या भागासाठीं संपूर्ण वर्षभर फेरारीच्या दोन व पोर्शेच्या दोन अशा चारच गाड्या उरल्या. २०२२ च्या अखेरीस हा भाग बंद करण्यांत आला. हौशी मंडळींचा भाग आणखी एक वर्ष टिकला आणि २०२३ बरोबर जी. टी. ई. वर्गाचें नांवही पुसलें गेलें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कारखाने गेल्यावरही हौशी मंडळी राहिली होती. वर्ग बंद पडला तो त्यांच्या अनास्थेमुळें नव्हे. ज्या गाड्यांवर त्यांचा खेळ चालला होता त्या गाड्या नव्यानें बांधण्यांत कारखान्यांना स्वारस्य उरलें नाहीं, म्हणून.

या दोन्ही वर्गांच्या मागें जो टिकला तो जी. टी. थ्री. त्याचा जन्म २००६ सालचा, आणि त्याचे प्रवर्तकही तेच स्तेफान रातेल. वरच्या दोन वर्गांखालीं हौशी मनुष्यासाठीं एक स्वस्त पायरी असावी, एवढाच तेव्हां त्याचा उद्देश होता. ती सर्वांत खालची पायरी आज शर्यतींतील जी. टी. गाड्यांचा मुख्य मजला होऊन बसली आहे. बेल्जममधील स्पा व जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथील चोवीस तासांच्या शर्यती, ऑस्ट्रेलियांतील बॅथर्स्ट येथील बारा तासांची शर्यत आणि अमेरिकेंतील डेटोना या सर्व ठिकाणीं याच जातीच्या गाड्या धांवतात, आणि २०२४ पासून ले मान्सनेंही त्यांचाच अंगीकार केला. त्या पहिल्या वर्षीं जागतिक मालिकेंत नऊ कारखान्यांच्या प्रत्येकीं दोन, अशा १८ गाड्या या वर्गांत दाखल झाल्या.

या यशाचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली, ही गाडी विक्रीची वस्तु आहे. कारखाना ती बांधतो आणि कोणत्याही खासगी पथकास विकतो. पथकास ती एका खंडांत चालवून दुसऱ्या खंडांत विकतां येते. म्हणून कारखान्यास तिच्यांत नुसती कीर्ति नव्हे तर व्यापारही दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे गाड्यांमध्यें कृत्रिम रीतीनें राखलेला समतोल. पोर्शेचें ४.२ लिटरचें सहा नळकांड्यांचें इंजिन गाडीच्या अगदीं मागल्या टोंकाशीं असतें. फोर्ड मस्टँगचें ५.४ लिटरचें आठ नळकांड्यांचें इंजिन पुढें असतें, कॉर्व्हेटचें ५.५ लिटरचें इंजिन चालकाच्या पाठीशीं असतें. आणि फेरारीचें इंजिन अवघें तीन लिटरचें, पण दोन टर्बो यंत्रांनीं हवा कोंबून चालणारें. इतक्या भिन्न प्रकृतीच्या गाड्या स्वभावतः बरोबरीनें धांवणें शक्य नाहीं. म्हणून नियामक मंडळ एकीवर अधिक वजन लादतें, दुसरीची शक्ति कमी करतें, तिसरीच्या टर्बोचा दाब उतरवितें, आणि सर्वांच्या गतींतील अंतर अगदीं अल्प राहील अशी तजवीज करतें.

घोड्यांच्या शर्यतींत बलिष्ठ घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढविण्याची जी चाल आहे, तिचीच ही बहीण होय. तिच्यावर जो आक्षेप येतो तोही तसाच आहे. उत्तम गाडी बांधणाऱ्यास दंड करावयाचा आणि सामान्य गाडी बांधणाऱ्यास सवलत द्यावयाची, हा कोठला न्याय? शिवाय या पद्धतींत लबाडीस वाव राहतो. पुढें सवलत मिळावी म्हणून आधींच्या शर्यतींत किंवा सरावांत मुद्दाम हात राखून गाडी चालविण्याचा मोह होतो. हे आक्षेप पोकळ नाहींत. त्यांवर उपाय म्हणून जागतिक मालिकेंत आतां चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्यांवरच मापकें बसविलीं जातात. कारखाना इंजिनाविषयीं काय सांगतो यावर विसंबून न राहतां चाकांपर्यंत प्रत्यक्षांत किती शक्ति पोंचली तें त्यायोगें मोजलें जातें.

तथापि या आक्षेपाचें खरें उत्तर १९९८ सालानें आधींच देऊन ठेवलें आहे. त्या वर्षीं उत्तम गाडीस पूर्ण न्याय मिळाला आणि त्या न्यायानें शर्यत निर्जीव झाली. ज्या पथकानें गाडी स्वतः बांधली नसून विकत घेतली आहे, त्यास समतोलाच्या पद्धतीनें अभयच मिळतें. आपण चुकीची गाडी खरेदी केली या एका कारणानें त्याचा हंगाम वायां जात नाहीं. उलट कारखाना स्वतः मैदानांत उतरला कीं तीच पद्धति कलहाचें मूळ होते, कारण जाहिरातीवर व संशोधनावर ओतलेला पैसा एका परिपत्रकानें निष्फळ होऊं शकतो. तात्पर्य, समतोल हें ग्राहकांच्या वर्गांतलें औषध आहे. कारखान्यांच्या वर्गांत त्याचीच मात्रा कडू लागते.

यावरून दिसून येईल कीं, पुढील काळांत वर्गांची विभागणी यंत्रांवरून होण्यापेक्षां माणसांवरून होण्याचाच संभव अधिक आहे. तिचा आरंभ झालाही आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ चालकांची प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा चार धातूंच्या नांवांनीं प्रतवारी लावतो. कांस्य म्हणजे बहुधा ज्याचा उदरनिर्वाह दुसऱ्या उद्योगावर चालतो व ज्यानें उमेदीचीं वर्षें उलटल्यावर हा छंद जोडला, असा मनुष्य. जागतिक मालिकेंतील जी. टी. थ्री वर्गांत प्रत्येक गाडीवर असा एक कांस्य चालक असलाच पाहिजे असें बंधन आहे. अमेरिकेंत २०२२ पासून त्याच गाड्यांचे दोन वर्ग केले आहेत, एक व्यावसायिकांचा आणि दुसरा मिश्र पथकांचा. स्पा येथील शर्यतींत गाडी तीच, परंतु चालकांच्या प्रतीप्रमाणें निरनिराळे चषक ठेवलेले असतात. प्रश्न एकच आणि त्याचीं उत्तरें तीन.

यांपैकीं कोणतें उत्तर दीर्घकाळ टिकेल? अमेरिकेचा मार्ग आकर्षक आहे. परंतु त्याच्या व्यावसायिक वर्गांत कांहीं कारखान्यांचीं पथकें जवळ जवळ उघडपणें उतरतात, आणि जी. टी. ई. वर्गाच्या व्यावसायिक भागाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. ले मान्सचा मार्ग कठोर वाटला तरी अधिक सुरक्षित आहे. गाडीवर एक हौशी मनुष्य असलाच पाहिजे म्हटलें कीं, केवळ यंत्रावर वाटेल तेवढा पैसा ओतण्याचें प्रयोजन कमी होतें. कारण निकाल पुष्कळ अंशीं त्या कांस्य चालकाच्या तासांवर अवलंबून राहतो.

या व्यवस्थेपुढें तीन संकटें दिसतात. पहिलें खर्चाचें. पोर्शेनें २०२३ च्या हंगामासाठीं आपली नवी जी. टी. थ्री गाडी जाहीर केली तेव्हां तिची किंमत कर वगळून ५,६७,००० युरो होती. त्या वेळच्या दरानें हे सुमारें साडेचार कोटी रुपये झाले. ‘स्वस्त पायरी’ हे शब्द आतां तिला शोभत नाहींत. तिच्याखालीं जी. टी. फोर हा अधिक साध्या गाड्यांचा वर्ग आहे, आणि श्रीमंत हौशी मंडळींसाठीं २०२१ पासून युरोपांत जी. टी. टू या जुन्या नांवानें एक निराळीच मालिका निघाली आहे. मुख्य मजला महाग झाला कीं खालीं नव्या पायऱ्या कोराव्या लागतात, ही जुनीच रीत येथेंही दिसते.

दुसरें संकट रस्त्यावरच्या गाडींतून उद्भवतें. विक्रीच्या उंची मोटारींत विजेचें साहाय्य वाढत आहे. फेरारीची २९६ ही रस्त्यावरील गाडी पेट्रोल व वीज अशा दोन्हींवर चालते. परंतु तिचें जी. टी. थ्री रूप सिद्ध करतांना विजेचा भाग काढून टाकावा लागला. आज हें साधतें. परंतु पुढें मूळ गाडीच बहुतांशीं विजेची झाली तर शर्यतीची गाडी तिच्यापासून सिद्ध झाली असें कशाच्या आधारें म्हणावयाचें, हा प्रश्न नियम करणाऱ्यांपुढें उभा राहील.

तिसरें संकट वरच्या वर्गाकडून येण्याजोगें आहे, आणि तेंच सर्वांत गंभीर. ऑडीनें २०१६ नंतर व पोर्शेनें २०१७ नंतर सर्वोच्च वर्ग सोडला, तेव्हां तेथें मोठा कारखाना असा टोयोटा एकटाच उरला. कारखान्यांची चुरस जी. टी. वर्गांत उतरली ती नेमकी त्याच सुमारास. पुढें २०२१ पासून हायपरकार वर्ग उभा राहिला आणि २०२३ मध्यें फेरारी व पोर्शे दोघेही त्यांत गेले. फेरारीनें तर २०२३, २०२४ आणि २०२५ अशा तिन्ही वर्षीं ले मान्स जिंकलें. वर जागा झाली म्हणून खालीं शांतता आली. परंतु २०२५ च्या अखेरीस पोर्शेनें जागतिक मालिकेंतील आपला हायपरकार वर्गाचा उद्योग थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. एक कारखाना गेल्यानें धरण फुटत नाहीं. परंतु अनेक गेले तर त्यांचा पैसा व त्यांची ईर्ष्या पुन्हां उतारानें खालींच येईल.

मधल्या वर्गाचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. हायपरकारांस वाव मिळावा म्हणून एल. एम. पी. टू वर्गाची शक्ति प्रथम कमी करण्यांत आली, आणि मैदानांत जागा पुरेनाशी झाली तेव्हां २०२४ पासून त्या वर्गास जागतिक मालिकेंतून वगळण्यांत आलें; ले मान्सपुरतेंच त्याचें स्थान राहिलें. वर्गांचें आयुष्य गाड्यांच्या गुणांवर जितकें अवलंबून असतें, तितकेंच तें वरच्या वर्गाच्या सोयीवरही असतें.

म्हणून जी. टी. वर्गाचें हित कशांत आहे हें सांगणें अवघड नाहीं. त्यानें सर्वोच्च होण्याची महत्त्वाकांक्षा धरूं नये. विकत घेतां येईल अशीच गाडी ठेवावी. आणि चोवीस तासांतले कांहीं तास तरी अशा मनुष्याच्या हातीं द्यावे, जो सोमवारीं सकाळीं आपल्या नित्याच्या कामावर परत जाणार आहे. हीं तीन पथ्यें पाळलीं गेलीं नाहींत तेव्हां काय झालें, हें १९९८ व २०२२ या दोन सालांनीं दाखविलें आहे. मागून येणाऱ्या हायपरकारच्या दिव्यांचा झोत आरशांत पडतांच वाट देणारा तो कांस्य चालक शर्यतीचा निकाल बहुधा ठरवीत नाहीं. परंतु तो तेथें आहे तोंवर शर्यतीचें मैदान कारखान्यांच्या मर्जीवर सर्वस्वीं अवलंबून राहणार नाहीं.